पस्तीसला पास, चाळीसला मास्तर

महाराष्ट्रात दहावी पास व्हायचं तर ३५ टक्के पुरतात. सरकारदरबारी अपंग म्हणून पास व्हायचं तर ४० लागतात. म्हणजे या राज्यात गणितात पास होणं सोपं, पायाने पास होणं अवघड. शिवाय दहावीला ग्रेस मार्क असतात, फेरपरीक्षा असते, क्रीडागुण असतात. आमच्या परीक्षेत यातलं काही नाही आणि क्रीडागुणांचा तर प्रश्नच येत नाही. माझ्या ओळखीत एक ३९ टक्केवाला आहे. चालताना माझ्याइतकाच डुलतो, पण सवलतीच्या खिडकीवर तो ठार धडधाकट. "एका मार्काने गेलो हो," असं तो अजूनही चारचौघांत सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याचं मेडिकल हुकलं.

मी पास आहे. डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. म्हणजे पाय आहे, पण नुसता हजेरीपुरता. त्याला मांडीपासून खाली कॅलिपर, काखेत एक कुबडी आणि हातात खडू. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी गुरुजी आहे. दुसऱ्यांना गुण देणं हा माझा धंदा आणि मला गुण देणारं बोर्ड सिव्हिल हॉस्पिटलात बुधवारी बसतं.

या बोर्डाला माझा पाय पटतो, पण तो तसाच राहील याची खात्री वाटत नाही. पहिला दाखला हाताने लिहिलेला, त्यावर गोल शिक्का आणि आत ५५ टक्के. पुढे दाखले ऑनलाइन झाले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी टेप लावून ४८ भरवले. मग अपंगांचं यूडीआयडी ओळखपत्र आलं, त्यावर ५२ उमटले. पाय तोच होता, टेप बदलली होती. तिन्ही ठिकाणी 'कायमस्वरूपी' असं स्वच्छ लिहिलेलं आणि तरीही अधूनमधून कार्यालयाचं पत्र येतंच, की 'अद्ययावत दाखला सादर करावा'. मी तिथल्या क्लार्कसाहेबांना विचारलं, "साहेब, कायमस्वरूपीचं अद्ययावत कसं करायचं?" ते म्हणाले, "तारीख आजची पाहिजे." पेन्शनरांना हयातीचा दाखला मागतात ते मी समजू शकतो. त्या बाबतीत बदल संभवतो.

जुन्या दाखल्याला फोटोही पूर्ण उभा लागायचा, अपंगत्व दिसेल असा. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने मला पडद्यावरच्या काश्मीरसमोर उभं केलं, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडायला लावली, कुबडी थोडी तिरकी धरायला सांगितली आणि सगळं मनासारखं जमल्यावर सवयीने म्हणाला, "आता जरा हसा." मी हसलो. त्या फोटोत मी अपंग कमी आणि मधुचंद्राला एकटाच गेलेला जास्त दिसतो.

मास्तर व्हायचं मी बारावीनंतर जाहीर केलं, तेव्हा ९० चं दशक होतं. त्या काळी अपंगांना एसटीडी-पीसीओचा बूथ प्राधान्याने मिळायचा. त्यामुळे माझ्या पायाकडे नजर गेली की लोकांना टेलिफोन आठवायचा. मामा म्हणाले बूथ घे. आत्याचे यजमान म्हणाले बूथ घे. एसटीच्या कंडक्टरने सवलतीचं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "बूथ घ्या राव, बसून पैसा." बूथ नको असेल तर बाकीचे पर्याय तयारच होते : घड्याळदुरुस्ती, शिवणकाम, खुर्च्या विणणं, मेणबत्त्या आणि खडू. अपंगांनी खडू बनवावेत हे समाजाला केव्हाच मान्य होतं. तोच खडू धरून त्यांनी फळ्यावर लिहावं, हे पचायला मात्र वेळ लागला. पुढे खिशाखिशात मोबाइल आला, गावोगावचे बूथ बंद पडले आणि त्यांत बसलेले माझ्यासारखे कितीतरी जण रिकामे झाले. मामा हल्ली पाहुण्यांना सांगतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं याला, मास्तरकी धर."

डी.एड.ला शारीरिक शिक्षण हाही विषय होता. माझं काय करायचं यावर खल झाला आणि शेवटी मला आदेश द्यायला उभं केलं. सगळा वर्ग मैदानात रांगेत आणि मी बाजूला शिट्टी घेऊन. मी 'दाहिने मुड' म्हणायचो, 'दौडके चल' म्हणायचो आणि धडधाकट माणसं घामाघूम व्हायची. आपण एकही पाऊल न उचलता दुसऱ्यांना पळवणं हे पुढे मोठा अधिकारी होण्याचं लक्षण आहे, असं आमचे प्राचार्य म्हणायचे. तेवढं एक भाकीत खोटं ठरलं.

नोकरीसाठी आधी एका खासगी संस्थेत मुलाखत दिली. समोर अध्यक्ष, सचिव आणि अध्यक्षांचे मेहुणे. मेहुणे तज्ज्ञ म्हणून बसले होते. कशातले, ते कोणी सांगितलं नाही. माझ्या गुणपत्रिकेला कोणी हात लावला नाही, पाठ घेऊन दाखवा असंही कोणी म्हटलं नाही. मेहुण्यांनी कॅलिपरकडे बघत एकच प्रश्न विचारला, "पोरं पळाली तर पकडणार कसं?"

मी म्हटलं, "पळावंसं वाटणार नाही असं शिकवीन."

"ते ठीक आहे हो, पण पळालीच तर?"

तिघांचीही तब्येत खात्यापित्या घरची होती. मुलाखत संपल्यावर अध्यक्षांना खुर्चीतून उठवायला शिपाई धावत आला. पळून पोरं पकडण्याचा निकष त्यांनी स्वतःला लावला असता, तर त्याच दुपारी कार्यकारिणी बरखास्त झाली असती.

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग ज्युडी ह्यूमनची हकिकत वाचली आणि आपले मेहुणे जगभर पसरलेले आहेत हे कळलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ही मुलगी पोलिओमुळे व्हीलचेअरवर असायची. पाच वर्षांची असताना शाळेने तिला घेतलं नाही, का तर आग लागली तर तिच्या खुर्चीची अडचण होईल. १९७० साली ती शिक्षिका व्हायला निघाली. लेखी झालं, तोंडी झालं, वैद्यकीय तपासणीत मात्र नापास. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला बाथरूमला कशी जातेस ते दाखव म्हणून सांगितलं होतं. मंडळाचं म्हणणं पुन्हा तेच, आग लागली तर ही मुलांना बाहेर कशी काढणार? न्यूयॉर्कसारख्या शहरात आगीला दुसरं कोणी भेटतच नव्हतं, ती नेमकी ज्युडीच्याच वर्गाची वाट बघत बसलेली. फ्रँकलिन रूझवेल्ट पायात ताकद नसताना १९३३ पासून १२ वर्षं त्या देशाचे अध्यक्ष होते. ज्युडीच्या बातमीला एका वर्तमानपत्राने मथळा दिला, की पोलिओ झालेल्या माणसाला अध्यक्ष होता येतं, शिक्षक होता येत नाही. ज्युडी कोर्टात गेली. न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मोटली, अमेरिकेच्या संघीय न्यायालयात बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांनी मंडळाला फेरविचार करायला सुचवलं आणि मंडळाला तो लगेच सुचला. ज्युडी शिक्षिका झाली, आणि पुढे क्लिंटन यांच्या काळात तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यात वरिष्ठ अधिकारी. ज्यांनी तिला वर्गात घ्यायला नकार दिला होता, त्यांच्यापैकी कोणी तेव्हा तिच्याकडे कामासाठी गेलं का, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

माझ्या मदतीला अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आला. त्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. पुढे २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले. मी त्या आधीच्या ३ टक्क्यांतून जिल्हा परिषदेत लागलो आणि पहिलीच्या वर्गापुढे जाऊन उभा राहिलो.

पहिलीच्या पोरांनी माझी जी तपासणी केली, ती सिव्हिलच्या बोर्डाला कधी जमलेली नाही. सतरंजीवरून एकेक जण सरकत पुढे आला. एकाने कॅलिपरला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, लोखंड आहे?" आहे. "आत पाय आहे?" आहे. "दुखतो?" नाही. "रात्री काढता?" काढतो. "चुंबक चिकटेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक जण घरातल्या फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन आला. ते चिकटलं. टाळ्या झाल्या. त्यानंतर मागून एका मुलीने त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला, "गुरुजी, तुम्ही मारता का?" नाही म्हटल्यावर माझ्या पायाचा विषय त्या वर्गापुरता कायमचा संपला. टक्केवारी कोणी विचारली नाही.

पोरांना माझ्या कुबडीचा एक फायदाही झाला. बाकीचे शिक्षक दारात आले की वर्ग गप्प होतो. माझा वर्ग मी व्हरांड्याच्या त्या टोकाला असतानाच गप्प होतो, कारण फरशीवर टकटक ऐकू येते. एकदा कुबडीच्या टोकाचं झिजलेलं रबर बदललं. नवं रबर मऊ होतं, आवाजच येईना. मी दारात उभा आणि आत शंभर नंबरी दंगा चाललेला, एक जण माझ्या खुर्चीवर बसून माझीच नक्कल करतोय. लंगडण्याची नव्हे, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधण्याची. मला बघून सगळे थिजले. मग मॉनिटर उठून गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, हे बरोबर नाही. तुम्ही न सांगता रबर बदललं."

पल्स पोलिओ मोहिमेत तर माझं महत्त्व एकदम वाढायचं. लस पाजणाऱ्या बाई, थंडगार डब्यातल्या कुप्या आणि मी, असा तो बूथ. बूथ घे म्हणणाऱ्या मामांची इच्छा सरकारने अशी पुरी केली. पोर तोंड उघडेना झालं की आया बिनदिक्कत माझ्याकडे बोट दाखवायच्या, "डोस घे रे, नाहीतर गुरुजींसारखा होशील!" एक कारटं माझ्याकडे नीट बघून म्हणालं, "म्हणजे मास्तर होईन?" आणि त्याने जो आ वासला, त्यात दोन थेंब सहज गेले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, त्यात माझा हा वाटा कोणी नोंदवलेला नाही.

पोरांना जे एका तासात समजलं, ते मोठ्यांना नोकरीभर समजावून सांगावं लागतं. शाळेत काम वाटताना एक नियम आपोआप लागू होतो. "सर, हे बसून करायचं काम आहे, तुम्हाला बरं." यात पोषण आहाराच्या नोंदी येतात, शालार्थची पगारबिलं येतात, यू-डायसची माहिती येते, शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. शिक्षण खात्यात उभ्याने करायचं काम शिकवणं हे एकच, आणि त्यालाच वेळ पुरत नाही. सहलीला मात्र मला नेत नाहीत, कारण 'सरांना त्रास नको'. मी शाळेत बसून सहलीचा हिशेब लिहितो.

त्याच यू-डायसमध्ये एक रकाना आहे : शाळेला रॅम्प आहे का? आमच्या शाळेला आहे. 'होय' असं मीच भरलं. कठडा आहे का? तोही आहे. रॅम्पवरून वर जाता येतं का, असा रकाना नाही. एक फूट चढायला बारा फूट उतार असावा असं नियम सांगतो. आमच्या ठेकेदाराने तो हिशेब चार फुटांत बसवला आणि उरलेलं सिमेंट कुठे बसवलं ते त्यालाच माहीत. त्या रॅम्पवर चढायचं तर दोन्ही पाय चांगले पाहिजेत. मी बाजूच्या पायऱ्यांनी जातो. रॅम्पचा उपयोग होत नाही असं मात्र नाही. मधल्या सुटीत पोरं त्यावरून घसरतात आणि ग्रामसभेच्या दिवशी सरपंचांची बुलेट त्यावर उभी असते.

बदल्यांचा हंगाम आला की आणखी एक चमत्कार पाहायला मिळतो. दिव्यांग शिक्षकांना बदलीत विशेष संवर्ग भाग एकमध्ये प्राधान्य असतं. अर्ज भरायची तारीख जवळ आली की जिल्ह्यात कमी ऐकू येण्याची साथ पसरते. कालपर्यंत पलीकडच्या वर्गातली कुजबुज टिपणारे सहकारी आज हात कानामागे धरून "आँ?" करतात. असल्या दाखल्यांच्या फेरतपासणीचे आदेश निघाले, तेव्हा पत्र सगळ्यांनाच आलं. मला माझा पाय पुन्हा सिद्ध करावा लागला. कानवाल्यांपैकी एकाने तपासणीचं पत्र आलंय ही बातमी मला फोनवर सांगितली, तीही हळू आवाजात.

आता सत्कार. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली ३ डिसेंबर हा अपंगांचा दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या तारखेला मी प्रेरणास्थान असतो. ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनाला, माझी कोणाला आठवण नसते. ३ डिसेंबरला शिकवण्याविषयी कोणी बोलत नाही. स्टेज चार फूट उंच, पायऱ्या म्हणून दोन बाकं एकावर एक. चौघे मला उचलून वर ठेवतात. मग शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ, तिन्ही एकदम. माझा एक हात कुबडीवर, उरला एक. नारळ काखेत धरावा तर शाल घसरते, शाल सावरावी तर गुच्छ दातांत धरावा लागेल. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडतो, "सर, नमस्कार करा!" मागून सूत्रसंचालक सांगत असतात, की 'अपंगत्वावर मात करून' मी इथवर आलो. मात कसली? आमचं दोघांचं नातं जुन्या वाड्यातल्या घरमालक-भाडेकरूसारखं आहे. तो जाणार नाही, मी काढू शकत नाही, आता एकमेकांची सवय झाली आहे. मी वर्षभर बत्तीस पोरांना वाचायला शिकवलं, त्यासाठी टाळी वाजवली असती तर मी नारळसुद्धा परत केला असता.

तालुक्याच्या हायस्कुलात माझे एक मित्र इतिहास शिकवतात. पूर्ण अंध. त्यांच्या वर्गात एक जण दोघांची हजेरी लावायला गेला. सरांनी रजिस्टर लिहिणाऱ्या मुलाला थांबवलं आणि म्हटलं, "याचा दोस्त आज आलेला नाही, त्याचा आवाज तेवढा आलाय. आवाजाची अर्धी हजेरी लाव." परीक्षेत कॉपीचा कागद उलगडला की त्यांना तो तिसऱ्या रांगेतून ऐकू येतो. डोळस पर्यवेक्षकाच्या नजरेला नजर भिडवून निरागस दिसता येतं, यांच्यापुढे ती सोय नाही. लोक त्यांना हटकून विचारतात, पेपर तपासता कसे? ते सांगतात, एक जण वाचतो, मी गुण देतो. आणि अक्षर घाणेरडं असलं तर? "ते वाचणाऱ्याचं दुःख." ब्रेल लिपीची गोष्ट ते मुलांना मुद्दाम सांगतात. लुई ब्रेल पॅरिसच्या ज्या अंधशाळेत शिकला, तिथेच शिक्षक झाला. त्याची लिपी त्याच शाळेने अधिकृत केली १८५४ साली, आणि तो वारला होता १८५२ साली. शिक्षकांनी दिलेल्या सूचना वरिष्ठांकडे किती वेगाने सरकतात, याचं सरांच्या मते जगातलं हे सर्वोत्तम उदाहरण आहे.

याहून कडू गोष्ट इटलीतल्या मिलानची. बहिऱ्या मुलांना कसं शिकवावं हे ठरवायला १८८० साली तिथे परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यात बहिरा एक. ठराव झाला, की शाळांत खुणांची भाषा नको, तोंडानेच बोलायला शिकवा. साहजिकच बहिरे शिक्षक शाळांना नकोसे झाले आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या परिषदेच्या परंपरेतल्या मंडळींनी व्हँकुव्हरला जाहीर खेद व्यक्त केला २०१० साली, १३० वर्षांनी. ऐकू कोणाला येत नव्हतं, ते वाचकांनीच ठरवावं.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक व्हायला निघालेली, चाळीसच्या वर टक्के मिळवलेली मुलं-मुली असतील. त्यांना सांगतो, परीक्षेत लेखनिकाचा हक्क असेल तर लेखनिक घ्या. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, ती पुरेपूर वापरा, लाजून लवकर पेपर देऊ नका. 'पोरं पळाली तर?' असं कोणी विचारलं, तर त्यालाच वर्गात बसवून एक पाठ घ्या. आणि संस्थाचालक, मुख्याध्यापक, अधिकारी वगैरे मोठ्या माणसांना हात जोडून विनंती आहे (एकच हात, दुसऱ्यात कुबडी आहे) : आमचा वर्ग तळमजल्यावर द्या, रॅम्प बारा फुटांचाच बांधा आणि आमच्याकडेही एकदा पाठ मागा. मास्तरला शिकवता येतं का, हे तपासणारं खरं बोर्ड सतरंजीवर बसलेलं असतं. त्याला ना टेप लागते ना फोटो, आणि त्याने एकदा नापास केलं तर दोन्ही पाय धडधाकट असूनही उपयोग होत नाही.